शुकाचार्य ‘बे’ म्हणाले

चिखलीत पोपट पाळायचा तर आधी अमीरबीला विचारायचं, असा नियम होता. तो सरकारी नव्हता, पण सरकारी नियमांपेक्षा जास्त पाळला जायचा. हे मी छातीठोक सांगते, कारण माझे यजमान वामनराव तहसिलीत कारकून होते आणि सरकारी नियम कोण किती पाळतं ते मला रोज जेवताना ऐकायला मिळायचं. न विचारता पोपट आणणाऱ्याचं काय होतं तेही मला ठाऊक आहे. मीच आणला होता.

मी नांदुऱ्याची. आमच्या नांदुऱ्याच्या पोरी कुणाला विचारत बसत नाहीत. लग्न होऊन चिखलीला आले तर घरात दिवसभर बोलायला माणूस नाही. यजमान दहाला जायचे, सहाला यायचे, आणि आल्यावरही त्यांचं बोलणं म्हणजे ‘हं’ नाहीतर ‘बघू’. म्हणून आठवडी बाजारातून एक पोपट आणला आणि मागच्या ओसरीत टांगला. महिन्याभरात त्याची छाती उघडी पडली. स्वतःची पिसं स्वतःच उपटायचा. कोणी म्हणालं उवा झाल्या, कडुलिंबाचं पाणी शिंपडा. ते शिंपडलं. कोणी म्हणालं दृष्ट लागली. मी लाल मिरच्या ओवाळल्या, तर त्यातली एक त्यानं चोचीत धरून खाऊन टाकली.

तेवढ्यात अमीरबी बांगड्या भरायला आली. काळीसावळी, उंच, ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं, डोक्यावर बांगड्यांची दुरडी. नवरा बशीर गेल्यापासून ती दुरडी तिच्या डोक्यावर आली होती आणि गावातलं प्रत्येक मनगट तिला तोंडपाठ होतं. मी हात पुढे केला, तर बाई माझ्या हाताकडे बघेना. ती पिंजऱ्याकडे बघत होती.

“हा इथं काऊन टांगला, सुलभाबाई?”

“मागं गार असतं म्हणून.”

“गार तं असते. अन् मानूस?”

“पोपटाला माणूस कशाला?”

“मंग असं करा. तुमी मांगच्या ओसरीत राह्यजा, अन् पोपटाले पुढं बसवा. आठ दिसात तुमीबी केसं उपटान.”

मला असा राग आला! म्हटलं, बांगड्या भर आणि चालू लाग. ती हसली. “बांगड्या भरीन, पन पिंजरा हालवल्याबिगर जाणार नाई,” म्हणाली आणि दुरडी खाली ठेवून फतकल मारून बसली. काय करता? पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात आणला. मी पोळ्या लाटायची आणि त्याच्याशी बोलायची. आधी लाज वाटली, मग सवय झाली, मग सोय झाली. पंधरा दिवसांत त्याच्या छातीवर हिरवी लव दिसायला लागली आणि माझंही डोकं दुखायचं थांबलं. तेव्हापासून अमीरबी माझ्या घरी बांगड्या भरायला कमी आणि हुकूम सोडायला जास्त यायची.

तिचं घर मशिदीच्या मागं, बांगडीवाल्या मणियारांच्या गल्लीत. पुढच्या पडवीत सात पिंजरे. कुणी दुखणाईत पोपट आणून सोडलेला, कुणाचा पाय मोडलेला, एकदोन तिचे स्वतःचे. सकाळची नमाज झाली की ती आधी पिंजरे धुवायची, मग चूल. भिजवलेली चण्याची डाळ, पेरूची फोड, हिरवी मिरची. करडई आपल्याकडे ढिगानं, पण ती मोजून मूठभर. “करडईनं चरबी चढते, पोपट शेठजीवानी बसून राह्यते,” म्हणायची. मीठ नाही, चहात बुडवलेला पाव तर मुळीच नाही. चोच घासायला औषधी दुकानातून आणलेला समुद्रफेस आणि कुरतडायला कडुलिंबाची काडी. ऊन वर आलं की परातीत पाणी ठेवायची आणि सगळ्यांची आंघोळ व्हायची. बसायची दांडी सुतारानं रंधा मारून गुळगुळीत केलेली नको, पेरूची वाकडीतिकडी फांदी पाहिजे, नाहीतर पायाला घट्टे पडतात. पंख कातरायचे तर दोन्ही बाजूंचे सारखे. एकीकडचे कातरले तर बिचारं भोवऱ्यासारखं गरगरत पडतं. हे सगळं ती तुम्हाला रागावून सांगायची. गोड बोलून सांगितलेलं लोक विसरतात, असा तिचा अनुभव होता, आणि मला तो पटलेला आहे.

पोपट बोलायला मात्र ती शिकवत नसे. लोक यायचे, अमीरबी, आमच्या पोपटाला ‘रामराम’ शिकवून दे. ती सरळ नाही म्हणायची. “पोपट शिकवलेलं बोलत नाई. जीव लावून जे बोलता, तेच बोलते.” निवृत्ती शिंप्यानं हे खोटं पाडायचं ठरवलं. सहा महिने पोपटासमोर ‘जय हरी, जय हरी’ करत बसला. पोपट बोलला तेव्हा दुकानात पाच गिऱ्हाईकं होती. “उद्या या, उद्या! काजच राह्यले!” गाव आठ दिवस हसत होतं.

आता लक्ष्मीकांत मास्तरांचं सांगते. मास्तर आमच्या समोर राहायचे. शाळेचे हेडमास्तर. मूळचे लोणारकडच्या कुठल्याशा खेड्यातले, पण शिष्यवृत्ती मिळवून पुण्याला शिकले आणि येताना पुण्याची भाषा घेऊन आले. अशी घट्ट धरून ठेवली की विचारू नका. शाळेत एखाद्या पोट्ट्यानं ‘मले’ म्हटलं की छडी. ‘मला, तुला, त्याला’ हे पाढ्यासारखं घोकून घ्यायचे. आणि ‘बे’ कोणी म्हटलं तर वर्गाबाहेर. “बे हा शब्द फक्त पाढ्यात. बे एके बे. त्याच्या बाहेर मला तो ऐकू येता कामा नये,” असं फळ्यावर डस्टर आपटून सांगायचे.

अहो, पण ‘बे’ म्हणजे काही शिवी आहे का? पुण्याच्या कानाला लागते शिवी. आमच्याकडे मित्र मित्राला बे म्हणतो, बहीण भावाला म्हणते, आणि आईनं लेकाला ‘ये बे इकडं’ म्हटलं नाही तर लेकाला वाटतं, माय रुसली. मास्तरांना हे कोण सांगणार? मीही त्यांच्यासमोर जिभेला गाठ मारून पुणेरी बोलायची.

मास्तरांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. स्वयंपाकाला अन्नपूर्णाबाई. पन्नाशी ओलांडलेली विधवा, पुढेमागे कोणी नाही. राममंदिरामागच्या खोलीत राहायची, देवाचा नैवेद्य करायची म्हणून ती खोली तिला मिळालेली. बारा वर्षं मास्तरांकडे रांधत होती. अमीरबीची आणि तिची मैत्री अजब होती. एक बांगड्यांची दुरडी घेऊन फिरणारी आणि दुसरीच्या हातात बांगडी चालायची नाही. शिवाशिवीही पाळायच्या दोघी. अन्नपूर्णाबाई मागच्या पायरीवर बसायची, अमीरबी हातभर अंतर सोडून खाली, आणि तास-तास बोलणं. काय बोलायच्या देव जाणे, पण हसण्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा.

एका वैशाखात मास्तरांची आई गेली. तार आली तेव्हा आम्हाला कळलं की मास्तरांना आई होती. चौदाव्या दिवशी डोकं भादरलेलं घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. महिन्याभरानं त्यांनी अमीरबीकडे पोपट मागितला. अमीरबी पोपट देताना मुलगी देतात तशी चौकशी करायची. घरी कोण असतं, पिंजरा कुठं टांगणार, वेळ किती देणार. मास्तर म्हणाले, “शाळा सुटल्यावर पाच ते सहा रोज त्याच्यापाशी बसेन.” हे तिला आवडलं. शुक्रवारी तिच्याकडे आला म्हणून तिनं ‘शुक्रू’ नाव ठेवलेलं पिल्लू तिनं दिलं. मास्तरांनी घरी आणून त्याचं नाव ‘शुकाचार्य’ केलं. आणि बोलल्याप्रमाणे रोज पाच ते सहा, मधल्या खोलीचं दार लावून त्याच्यापाशी बसायचे. काय शिकवता विचारलं तर म्हणायचे, “सुभाषितं.”

पौषात शाळेची तपासणी आली. डिप्टी साहेब पुण्याकडचे, कडक. तपासणी छान झाली आणि साहेब मास्तरांकडे जेवायला आले. अन्नपूर्णाबाईच्या हाताखाली मी गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. साहेब पाटावर बसले. पिंजरा समोरच. साहेब खुशीत होते, म्हणाले, “काय शुकाचार्य, एखादं सुभाषित होऊन जाऊ द्या.”

पोपटानं मान वाकडी केली. साहेबांकडे एका डोळ्यानं बघितलं. आणि म्हाताऱ्या बाईच्या बारीक आवाजात, अगदी स्वच्छ विचारलं:

“जेवला का बे?”

माझ्या हातातला वाढणीचा चमचा तिथेच राहिला. साहेबांचा चेहरा वरणावर पडलेल्या हळदीसारखा पिवळा, मग लाल. “हेडमास्तर, हे कोणी शिकवलं?” मास्तरांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाले, “बाईचा आवाज तर आपण ऐकलाच. स्वयंपाकीणबाई असतात दिवसभर घरात.”

साहेब म्हणाले, “शाळेत भाषाशुद्धी आणि घरात ही भाषा? अशी बाई हेडमास्तरांच्या घरी शोभत नाही.” संध्याकाळी अन्नपूर्णाबाईला रजा मिळाली. ती एवढंच म्हणाली, “मी नाही शिकवलं, मास्तर.” मास्तर भिंतीकडे बघत होते.

मी काय केलं? काही नाही. मलाही वाटलं, तिनंच शिकवलं असेल. जेवला का, हे स्वयंपाकीण नाही विचारणार तर कोण विचारणार? आवाजही बाईचा. गावालाही तसंच वाटलं, आणि गावात गोष्ट चालत नाही, धावते. दोन दिवसांत ‘बे’ची शिवी झाली, चार दिवसांत शिवीच्या शिव्या झाल्या. वकिलीणबाईंनी लग्नाच्या स्वयंपाकाला तिला सांगितलं होतं, ते मोडलं. मंदिराच्या पुजाऱ्यानं कळवलं की शिवराळ बाईच्या हातचा नैवेद्य देवाला नको, महिनाअखेर खोली रिकामी करा. बारा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिचं दाणापाणी आणि छप्पर एका शब्दापायी गेलं.

अमीरबीला हे कळलं तशी ती दुरडीशिवायच आली.

“तुमी होत्या ना थ्या जेवनाच्या वक्ताले?”

“होते.”

“मंग मूग गिळून काऊन बसल्या?”

“अगं पण आवाज...”

“पोपटाच्या आवाजावरून मानसाले फाशी देता का? थ्या बाईनं बारा वर्सात शुक्रूले सोडा, मलेबी कधी ‘बे’ म्हटलं नाई. थे ‘वं अमीर’ म्हनते मले. बह्याड झाले का सारे?”

मला तिच्यासमोर मान वर करता आली नाही. खरं तेच बोलत होती.

योगायोग असा, की त्याच संध्याकाळी मास्तरांनी पिंजरा तिच्याकडे पाठवला. निरोप होता, ‘आठ दिवस ठेवून घ्यावा आणि तो अपशब्द विसरवावा.’ अमीरबीनं बाकीचे सगळे पिंजरे शेजारणीकडे हलवले. पडवीत एकटा शुक्रू. मग अन्नपूर्णाबाईला बोलावून पिंजऱ्यासमोर बसवलं. पोपटानं तिच्या हातून मिरची घेतली, डाळ घेतली, डोकं खाजवून घेतलं. तिच्यासमोर बोलला मात्र काही नाही. दोन दिवस असंच. मास्तरांचे ‘पाच ते सहा’ मात्र अमीरबी विसरली नव्हती. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, पाचच्या आत या.

गेले. अमीरबी म्हणाली, “आता बोलू नका. तुमच्या कानानं आयका, म्हंजे मंग ‘पन आवाज’ नका करू.”

शाळेची पाचची घंटा दूरवर वाजली. पोपट दांडीवर सरकत सरकत कडेला आला, पिसं फुलवली आणि तोच बारीक आवाज:

“लख्या, जेवला का बे?”

थोडं थांबला. मग जाड आवाजात, शाळेच्या ओट्यावरून अख्ख्या मैदानाला ऐकू जाणाऱ्या त्या आवाजात, पण अगदी हळू:

“हाव माय, जेवलो.”

पुन्हा बारीक आवाज. “वाळला रे माहा लेक.”

आणि मग नाक ओढल्याचा आवाज. एकदा, दोनदा.

लख्या! लक्ष्मीकांत मास्तर, बी.ए., आणि लख्या! हे नाव आम्हाला नऊ वर्षांत माहीत नव्हतं, अन्नपूर्णाबाईला बारा वर्षांत माहीत नव्हतं. मास्तर रोज दार लावून आईचा आवाज काढत होते आणि स्वतःच तिला उत्तर देत होते. माझा पदर तोंडाशी गेला. आणि दुसऱ्याच क्षणी संताप आला. म्हणजे जेवणाच्या पाटावर या माणसाला सगळं माहीत होतं! माहीत असून त्यानं त्या बाईकडे बोट दाखवलं!

“चल,” म्हटलं, “अख्ख्या गल्लीला बोलावू. ऐकू दे सगळ्यांना.”

“नाई,” अमीरबी म्हणाली. “मानूस पोपटापाशी मन उघडं करते. थे आपून चव्हाट्यावर नाई टांगाचं.” मग ती उठली आणि ओढणी कमरेला खोचली. “पन दुसऱ्याचं पोट मारून कोनाले आपलं गुपित राखता येत नाई. गुरुजीले त्याह्यच्या तोंडानं सांगा लागन. पोपटाच्या नाई.”

रविवारी सकाळी आम्ही दोघी पिंजरा घेऊन गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते. दहा दिवसांत गाल आत गेले होते. हातानं करत होते स्वयंपाक, म्हणजे काय, रोज खिचडी करपल्याचा वास आमच्या दारापर्यंत यायचा. अमीरबीनं पिंजरा खुंटीला टांगला.

“विसरला का तो अपशब्द?” मास्तरांनी विचारलं.

“पोपट विसरत नाई, गुरुजी. अन् थो अपशब्दबी नाई.”

“म्हणजे काय?”

“म्हंजे कोनं शिकवलं थे मले मालूम हाये.”

“काय मालूम आहे तुला?” त्यांचा आवाज चढला, पण मधेच फाटला.

अमीरबी काही बोलायच्या आत पोपटानं मास्तरांना ओळखलं. इतक्या दिवसांनी आपलं माणूस दिसल्यावर त्याला कोण आनंद! पंख फडफडवले, गजाला चोच घासली आणि विचारलं, “लख्या, जेवला का बे?”

मी मनात म्हटलं, आता हे नाकारणार. काहीतरी शुद्ध बोलणार. मास्तरांनी पिंजऱ्याचे गज धरले.

“नाई माय,” म्हणाले. “नाई जेवलो.”

आणि तिथेच, ओसरीवर, खांबाला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी घाबरून रस्त्याकडे बघितलं. अमीरबीनं मात्र त्यांना पोटभर रडू दिलं. मग त्यांनी आपणहून सांगितलं. आई एकदाच चिखलीला आली होती, पहिल्या वर्षी, अन्नपूर्णाबाई कामाला लागायच्या आधी. तेव्हाचे डिप्टी साहेब जेवायला आले होते. म्हातारी आतून बाहेर आली, साहेबांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘जेवला का बे?’

“तिला तो आपला लेकच वाटला,” मास्तर म्हणाले. “अन् मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिले बैलाच्या दमणीत बसवून वापस पाठोलं. बोललो, माय, इथं तुह्या बोलण्यानं माझी अब्रू जाते. ते मंग कधीच आली नाई. मी बोलावलं तरी आली नाई.”

अमीरबी पुढे झाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता.

“एका मायले त्या बोलीपायी वापस पाठोलं. आता त्याच बोलीपायी दुसऱ्या बाईले घराबाहेर काढलं. आनखीन कितीक बाया पाठवसान, गुरुजी?”

मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “आजच बाईंना बोलावणं पाठवतो.”

“बोलावनं नाई. तुमी जा. अन् दिवसाउजेडी जा.”

“डिप्टी साहेबांना हे कळलं तर माझी हेडमास्तरकी जाईल, अमीरबी.”

“हेडमास्तरकी जाईन कदाचित. तिचं तं घर हातचं चाललं हाये.”

मास्तर उठले, टोपी घातली आणि निघाले. आम्ही मागोमाग. पिंजरा माझ्या हातात, कारण मास्तर म्हणाले, त्यालाही घ्या.

मंदिरामागच्या विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. अन्नपूर्णाबाई खोलीच्या दारात बसून भांडी पोत्यात बांधत होती. मास्तर अंगणात उभे राहिले. विहिरीवरचे रहाट थांबले. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “बाई, पोपटाले मी शिकवलं. माह्या मायची बोली हाये ते. तुमचा काही कसूर नाही. मी खोटं बोललो.”

अन्नपूर्णाबाई विरघळेल असं मला वाटलं होतं. ती कसली विरघळते! तिनं पोत्याची गाठ नीट मारली आणि म्हणाली, “मले सांगून काय करता? मले माहीतच होतं मी नाही शिकवलं ते. पुजाऱ्यांना सांगा. वकिलीणबाईंना सांगा. अन् ज्याच्यासमोर माझं नाव खराब केलं, त्या साहेबांना सांगा. मंग पाहीन.”

“शाब्बास वं,” अमीरबी हातभर अंतरावरून पुटपुटली.

पुजारी तर ऐकतच होता देवळाच्या दारातून, त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. वकिलीणबाईंकडे मास्तर त्याच पावली जाऊन आले. येताना दौत, टाक आणि कागद घेऊन आले.

त्या पत्राचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. मास्तरांची हेडमास्तरकी गेली. दोन महिन्यांनी लोणारला साधे मास्तर म्हणून बदली झाली, आणि दमणीत त्यांच्याबरोबर पिंजरा होता आणि पिंजऱ्याबरोबर अन्नपूर्णाबाई. आधी ती नाही म्हणत होती, पण पुजाऱ्यानं हात जोडून ‘राहा’ म्हटल्यावर तिला जायचा हुरूप आला. ज्या देवळातून हाकलली तिथून ती आपल्या मर्जीनं निघाली. अमीरबी दमणीच्या चाकाला हात लावून उभी होती आणि करडई मूठभरच द्यायची, हे तिनं मास्तरांना चार वेळा बजावलं. त्यानंतर वीस वर्षं ती चिखलीत दुरडी घेऊन फिरली, आणि वीस वर्षं लोकांना रागावली. चिखलीच्या नव्या हेडमास्तरांनी ‘मले’साठी छडी उगारली की पोट्टे म्हणायचे, गुरुजी, तुमचा पोपट काय बोलते ते आयकू का? नवे हेडमास्तर बिचारे पोपट पाळायचेच नाहीत.

तर पत्र. मास्तर अन्नपूर्णाबाईच्या पायरीवर बसले आणि मांडीवर पाट घेऊन लिहू लागले. बायका घागरी ठेवून भोवती जमल्या होत्या. लिहून झाल्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाली, “वाचा. मले वाचता येत नाही, म्हणून काहीबाही लिहाल.”

मास्तरांनी वाचलं. “‘साहेबांचे सेवेसी. आपण माझे घरी भोजनास आला असता पोपटाने उच्चारिलेले वाक्य स्वयंपाकीण अन्नपूर्णाबाई यांनी शिकविलेले नसून ते मी शिकविले आहे. मी आपणांस असत्य सांगितले. बाई निर्दोष आहेत. सदर वाक्य माझ्या कैलासवासी मातोश्रींचे होय. त्या सर्वांस तसेच विचारीत असत...’”

“ठैरा, गुरुजी,” अमीरबी म्हणाली. “मातोश्री कोन?”

“माझी आई.”

“पोपट तं माय म्हनते.”

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला, ‘मातोश्रींचे’ खोडलं, त्याच्यावर ‘मायचे’ लिहिलं, आणि खाली सही केली.